पुण्यात चौघांना 3,000 रुपयांत मासे: पुन्हा फसायचं नाहीये

तिसऱ्यांचं_सुकं: परवाचं बिल देतो. पापलेट फ्राय ‘साइजप्रमाणे’ 1,650. सुरमई थाळ्या तीन, 750 प्रमाणे 2,250. सर्व्हिस चार्ज 10 टक्के, 390. त्या सगळ्यावर जीएसटी 214.50. एकूण 4,504.50. पापलेट तळहाताएवढं, सुरमईवरचा रवा सुटलेला आणि आत पाणी. 19 जुलैला आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. चौघं, 3,000 रुपये, मालवणी जेवण. काय बघून जावं?

हिशेबनीस: सर्व्हिस चार्ज काढायला सांगायचा होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. तो मिळवून वर जीएसटी लावणं तर नाहीच. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ही तत्त्वं कायम ठेवली. तुमचं बिल 3,900 अधिक 5 टक्के, म्हणजे 4,095 व्हायला हवं होतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, बिलाचा फोटो ठेवा.

खाडीकाठ: जुलैत पापलेट मागवलंच का? आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत ताटात येतं ते बहुतेक बर्फातलं नाहीतर पूर्व किनाऱ्याचं, तिकडची बंदी 14 जूनला संपते.

तवा_तापला: बर्फातलं म्हणजे वाईट असं नाही हो. घाईने पाण्यात सोडवलं की बिघडतं. फ्रीजमध्ये रात्रभर सुटू द्यायचं, फडक्याने कोरडं टिपायचं, मीठ-हळद-आगळ (कोकमाचा अर्क) लावून 15 मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी टाकायचं, मग मसाला आणि शेवटी रवा-तांदळाचं पीठ. ओल्या तुकडीला रवा लावला की तव्यावर वाफ धरते आणि आवरण सुटतं. घरीच करा. गणेश पेठेत मासे घ्या.

ऐसपैस: वाढदिवस आहे तर पंचतारांकितला जा, माणशी 3,000 धरा.

हिशेबनीस: बजेट चौघांचं आहे. शिवाय दिवसाला 7,500 रुपयांच्या वर भाडं असलेल्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला जीएसटी 18 टक्के लागतो.

ऐसपैस: जीएसटी सगळीकडे 5 आहे.

हिशेबनीस: नाही. 5 बाहेरच्या रेस्टॉरंटांना.

पेठेतली: सर्व्हिस चार्ज देऊच नका, काढायला लावा. आणि घरीच करा.

खाडीकाठ: बाहेर जाणारच असाल तर ‘साइजप्रमाणे’ दिसलं की तीन गोष्टी विचारा: वजन किती ग्रॅम, ते साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि त्या नगाची किंमत. मासा कच्चा दाखवायला सांगा. कल्ले लाल हवेत, तपकिरी नकोत. बोट दाबल्यावर खळगा राहिला तर परत पाठवा. थाळीतल्या तुकडीची जाडीही विचारा. बोटाच्या जाडीपेक्षा पातळ सुरमई कोरडीच पडते.

तवा_तापला: घरी हे सगळं 2,000 च्या आत होतं.

ऐसपैस: मुंबईला जा सरळ.

तिसऱ्यांचं_सुकं: सगळ्यांचे आभार. पण घरी करत नाही. घरी मासे म्हटलं की आईच तव्यापाशी जाते, आणि त्या दिवशी तिला तिथे उभी करायची नाही. मासेही आता ऑगस्टमध्येच. चार कोंबडी वडे थाळ्या सांगितल्यात, 480 प्रमाणे 1,920, जीएसटी धरून 2,016. सर्व्हिस चार्ज नाही हे फोनवर आधीच विचारून घेतलं. 1915 वर त्या जादा घेतलेल्या 409.50 ची तक्रार नोंदवली आहे.

तवा_तापला: वडे आयत्या वेळी तळून मागा, आधीचे चिवट होतात.