कॉलेजच्या आवारातली कला: प्रस्ताव मुलांचा, निर्णय कोणाचा?

माळरान

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने मागल्या वर्षी विद्यार्थ्यांकडून प्रस्ताव मागवले. ग्रंथालयासमोर एक गोल मोकळी जागा आहे, तिथे कायमस्वरूपी कलाकृती उभारायची होती. मुलांनी जीव ओतून कामं केली. एका गटाने फुटक्या फरश्यांचं मोझेक सुचवलं, एकाने पाण्याच्या टाकीभोवती नक्षीचा कट्टा. मला सगळ्यात भिडला तो बी.ए.च्या दोन मुलींचा प्रस्ताव. काळ्या दगडाचं वर्तुळ, त्यावर मुलं ज्या ज्या गावांहून एसटीने कॉलेजला येतात त्या गावांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे त्या गावातून पहिली मुलगी कॉलेजात आली ते साल. ही सालं त्यांनी कार्यालयातल्या जुन्या प्रवेश नोंदवह्या चाळून काढली होती.

प्रस्ताव महिनाभर फलकावर राहिले. मग संस्थेने तिथे संस्थापकांचा अर्धपुतळा बसवला. संस्थापकांबद्दल मला आदरच आहे, पण त्यांचा एक पुतळा फाटकाशी आधीपासून आहे. मुलांना साधं कारणही कोणी सांगितलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आवारात जे कायमचं उभं राहणार त्याची कल्पना मुलांकडून यावी, आणि एकदा प्रस्ताव मागवले की त्यातला एक उभारायचं बंधन संस्थेवर असावं. हे अशक्य नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांचं शिल्प आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक घेताना वर्णभेदाच्या निषेधात काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावणारे ते दोघे कृष्णवर्णीय धावपटू. दोघंही त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. तिथे शिल्पाची कल्पना एका विद्यार्थ्याची, ती विद्यार्थी संघटनेने उचलून धरली, आणि २००५ साली शिल्प उभं राहिलं. तिकडे होतं ते इकडे का होऊ नये?

ओळंबा

बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कल्पना कोणाची हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न, ते पडलं तर कोणाच्या अंगावर पडेल? मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. एक पावसाळाही पुरता निघाला नाही. तिथे तर सरकारी यंत्रणा होत्या. विद्यार्थ्यांच्या प्रस्तावात वाऱ्याचा दाब, पाया, गंज, पाण्याचा निचरा यांचा हिशेब असतो का? मी जे पाहिलेत त्यांत सुंदर रंगीत चित्र असतं आणि शेवटी एक ठोकळ रक्कम.

दुसरं म्हणजे देखभाल. मुलगा तीन वर्षांत पदवी घेऊन जातो, कलाकृती तिथेच राहते. चौथ्या वर्षी निखळलेली फरशी बसवायला शिपाईच धावतो. आणि पुतळाच करायचा म्हटलं, तर आपल्या राज्यात मातीचं मॉडेल कला संचालनालयाकडून मान्य करून घ्यावं लागतं. ते मुलांच्या आवाक्यातलं काम नाही. संस्थेवर ‘बंधन’ घालायचं म्हणताय, मग ही जबाबदारीही त्या बंधनात लिहा.

सायली

माळरान, मी सॅन होजे स्टेटमध्येच एम.एस. केलं. ते शिल्प रोज जातायेता बघायचे, म्हणून सांगते.

ते वीस फुटांहून उंच आहे. आत पोलादाचा सांगाडा, वर फायबरग्लास, आणि त्यावर छोट्या छोट्या सिरॅमिक फरश्यांचं मोझेक. जवळ गेलं की निळ्या ट्रॅकसूटच्या घड्या त्या तुकड्यांतून उलगडलेल्या दिसतात. पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे. दारिद्र्याची खूण म्हणून दोघे तसेच पोडियमवर गेले होते. स्मिथची उजवी मूठ वर, कार्लोसची डावी. कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता, म्हणून एकच जोडी दोघांनी वाटून घेतली.

शिल्प घडवलं रिगो २३ या मूळच्या पोर्तुगीज कलाकाराने. म्हणजे कल्पना विद्यार्थ्याची, हात व्यावसायिक कलाकाराचा. त्या विद्यार्थ्याला वर्गात या दोघांबद्दल कळलं आणि त्याने विचारलं की यांची आपल्या आवारात काहीच खूण कशी नाही? ओळंबाकाका, तुमच्या शंकेचं उत्तर मला इथेच दिसतं. मुलाने पायाचा हिशेब मांडायची गरज नाही. कोणाची आठवण ठेवायची हे त्याने सांगावं, पायाचं बघायला तुमच्यासारखी माणसं आहेतच.

रंगपेटी

सायली, तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. मी कलाशिक्षक आहे आणि माझा या ‘प्रस्ताव’ पद्धतीलाच विरोध आहे.

आवारातली कला म्हटलं की माझ्यापुढे शांतिनिकेतन येतं. शिल्पकार रामकिंकर बैज तिथे १९२५ मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथलेच झाले. ‘संथाळ परिवार’ त्यांनी १९३८ मध्ये आवारातच, उघड्यावर उभा केला. ब्राँझला पैसे नव्हते, म्हणून सिमेंट आणि जांभ्याची खडी. खांद्यावर कावड, कावडीत पोर, शेजारी डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पायाशी कुत्रं. कामाच्या शोधात निघालेलं कुटुंब, माणसाहून मोठ्या आकारात. तिथलंच ‘काळं घर’ घ्या. मुलांचं वसतिगृह, मातीच्या भिंती, पावसापासून राखायला वर डांबर, आणि त्या भिंतींवर तिथले कलागुरू नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून काढलेली उठावशिल्पं. कोणी पॉवरपॉइंट दाखवला नव्हता. गुरू आणि शिष्य एकाच चिखलात हात घालून उभे होते.

प्रस्तावाच्या पद्धतीत काय होतं? ज्याला संगणकावर त्रिमितीय चित्र करता येतं आणि इंग्रजीत चार परिच्छेद लिहिता येतात तो पुढे जातो. ज्याच्या हातात खरी कला आहे, जो सुताराच्या किंवा कुंभाराच्या घरातून आलाय, तो अर्जच भरत नाही. स्पर्धा अर्जांची होते. मुलांना जागा द्या, माती द्या, दगड द्या, एक शिल्पकार वर्षभर आवारात राहायला बोलवा आणि त्यांच्याकडून करवून घ्या. मग समिती कशाला हवी!

गावकुस

मी पालक म्हणून बोलतो. माझा मुलगा ज्या वसतिगृहात राहतो तिथे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा टँकर येतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. आधी ते करा, मग काळ्या दगडाचं वर्तुळ. कलेला विरोध नाही, पण पैसा आमच्या फीतून जातो.

माळरान

गावकुसदादा, तुमचं दुखणं खरं आहे आणि त्यात मी काडीचाही वाद घालणार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की पैसा खर्च झालाच. अर्धपुतळ्यावर झाला. कलेवर खर्च करावा की नाही हा पर्याय आपल्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. संस्था काहीतरी उभारणारच असते. त्यात मुलांचं ऐकायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

रंगपेटीसर, शांतिनिकेतनबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं. पण तिथे रवींद्रनाथ आणि नंदलाल होते. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कलेचा विभागच नाही. तिथे हाताला वळण देणारा गुरू आणायचा कुठून? कल्पना मात्र तिथेही असतात. माया लिनचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १९८१ मध्ये खुली स्पर्धा झाली, १,४२१ प्रवेशिका आल्या. प्रवेशिकांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक. निवडली गेली ती १०२६ क्रमांकाची, मृत सैनिकांची नावं कोरलेल्या काळ्या दगडी भिंतीची, आणि ती निघाली येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या मुलीची. नाव दिसत असतं तर ती निवडली गेली असती का? म्हणून माझी मागणी आहे की प्रस्ताव बिननावी तपासावेत. मग संगणक कोणाला येतो आणि आडनाव काय, हे दोन्ही मागे पडेल.

पुढे १९९३ मध्ये त्याच लिनने येलच्या ग्रंथालयासमोर ‘विमेन्स टेबल’ केलं. ग्रॅनिटचं टेबल, वरून पाणी वाहतं, आणि दगडात सर्पिल आकारात कोरलेले आकडे, त्या त्या वर्षी विद्यापीठात किती मुली शिकत होत्या त्याचे. सुरुवातीला नुसती शून्यं. बोट फिरवत गेलं की शून्य, शून्य, शून्य, आणि मग कुठेतरी पहिला आकडा लागतो. आमच्या त्या दोन मुलींनी हे पाहिलेलं नव्हतं, मी विचारलं होतं. एसटीच्या पासच्या रांगेत उभ्या असताना त्यांना सुचलं.

रंगपेटी

नाव झाकल्याने संगणक झाकला जात नाही, सर. सफाईदार चित्र बिननावीही सफाईदारच दिसतं. सगळ्यांनी पेन्सिलीनेच काढायचं, अशी अट घाला, मग बघू.

आणि माया लिनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो आराखडा वर्गातल्या अभ्यासातून निघाला होता, थडगी आणि स्मारकांच्या स्थापत्याच्या वर्गात. म्हणजे शिकवणारा होता, वर्ग होता, रेखाटणं तपासली जात होती. त्या वर्गात तिला ‘बी’ श्रेणी मिळाली, तेव्हा शिक्षकही चुकतात हे मी मान्य करतो. पण निवड केली ती जाणकार परीक्षकांनी. मतदान झालं असतं तर ती काळी भिंत पहिल्या फेरीत बाद झाली असती. निवडीनंतर एवढा गदारोळ झाला की १९८४ मध्ये तिथे तीन सैनिकांचा ओळखीच्या धाटणीचा पुतळा जोडावा लागला. मुलांच्या मतांवर कलाकृती निवडायची म्हणाल तर प्रत्येक आवारात घोडा आणि तलवार येईल.

ढगाळ

मी नुकताच पदवीधर झालोय. प्रस्ताव मागवण्याला माझा पाठिंबा आहे, ‘कायमस्वरूपी’ या अटीला नाही. आज मुलांना जे हवंसं वाटतं ते पंचवीस वर्षांनी येणाऱ्या मुलांच्या माथी का मारायचं? दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन विद्यापीठात सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश वसाहतवाद्याचा पुतळा कित्येक दशकं होता. मार्च २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी तो हटवा म्हणून आंदोलन सुरू केलं आणि ९ एप्रिलला विद्यापीठाने तो काढला. ज्यांनी बसवला त्यांना तो कायमचाच वाटला होता.

दर तीन वर्षांनी भिंत पांढरी करा आणि नव्या तुकडीला द्या. खर्च कमी, ओळंबाकाकांची भीती कमी, आणि रंगपेटीसर म्हणतात तसा प्रत्येक मुलाचा हात रंगात जाईल.

सायली

ढगाळ, दर तीन वर्षांनी पुसायचं ठरलं असतं तर स्मिथ आणि कार्लोस तिथे राहिलेच नसते. त्यांना १९६८ मध्ये ऑलिंपिक संघातून काढून घरी पाठवलं होतं, त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांना नोकऱ्या मिळताना मारामार झाली. अशा माणसांना विद्यापीठाने खडूने काढून पुसायचं? काही गोष्टी दगडात, लोखंडातच पाहिजेत. ऱ्होड्सबद्दल म्हणाल तर तो विद्यार्थ्यांना विचारून बसवलेलाच नव्हता.

आणखी एक. त्या शिल्पात दुसऱ्या क्रमांकाचा चौथरा रिकामा आहे. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, रौप्यपदकवाला, तिथे नाही. गोऱ्या माणसाला मुद्दाम वगळलं असं बरेच जण म्हणतात, पण त्याने स्वतःच सांगितलं होतं की माझी जागा मोकळी ठेवा, येणाऱ्या माणसाला तिथे उभं राहता येऊ दे. मी तिथे उभी राहिलेय, दीक्षान्त समारंभाच्या दिवशी झगा घालून उभी राहणारी मुलं पाहिलीत. म्हणजे कायमचं असूनही त्यात दर वर्षीच्या मुलांना जागा आहे. तुम्हाला हवंय ते असंही साधता येतं.

ढगाळ

रिकाम्या चौथऱ्याचा मुद्दा पटला. तरी पुन्हा सांगतो, असं शिल्प एखादंच जमतं. आपल्या आवारांत जे कायमचं उभं आहे त्यातलं किती असं आहे, तुम्हीच बघा. हार घालायला वर्षातून एकदा शिडी लागते, एवढाच मुलांचा त्याच्याशी संबंध.

माळरान

रंगपेटीसर, पेन्सिलीची अट मला मान्य आहे. तुमच्या माझ्यात एक जागा सामाईकही दिसते. व्हिक्टोरिया टर्मिनसचं, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं, नक्षीकाम मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलं, हे तुम्ही मुलांना शिकवतच असाल. दगडातली ती पानं, पक्षी, प्राणी शिकणाऱ्या हातांचे आहेत, पण काय करायचं ते वरून ठरलेलं होतं. सॅन होजेत उलट झालं. तुम्हाला हात मुलांचे हवेत, मला डोकं मुलांचं हवं. दोन्ही एकत्र होणार नसेल आणि निवडायचंच असेल, तर मी डोकं निवडेन. कारण हात बाहेरून आणता येतो, पण कुठल्या गावातून पहिली मुलगी कधी आली हा प्रश्न बाहेरच्या शिल्पकाराला पडणार नाही.

निवड मतदानाने नको, हे मान्य. पाच जणांची समिती असावी, त्यात दोन विद्यार्थी, एक बाहेरचा कलाकार, एक अभियंता, एक संस्थेचा माणूस. निकालाचं लेखी कारण प्रत्येक गटाला मिळालंच पाहिजे, यावर मात्र मी तडजोड करणार नाही.

रंगपेटी

लेखी कारण हवंच, तिथे मी तुमच्याबरोबर. ‘हात बाहेरून आणता येतो’ याला माझी हरकत कायम. ते वर्तुळ कंत्राटदाराने यंत्रावर कोरून आणलं तर ती शाळेतल्या देणगीदारांच्या पाटीसारखी एक पाटी होईल. त्या दोन मुलींना पाथरवटाकडे बसवा. आपल्या गावाचं नाव तरी त्यांनी स्वतः छिन्नीने कोरावं.

ओळंबा

वर्तुळ करणारच असाल तर लिहून घ्या. आपल्याकडचा काळा पाषाण घ्या, चकचकीत ग्रॅनिट नको, पावसात घसरतं. दगड जमिनीच्या पातळीवर ठेवू नका. हातभर उंच जोतं घ्या म्हणजे त्यावर पाय पडणार नाही, मुलं बसतीलही. बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, पाणी साचलं की अक्षरांत शेवाळ धरतं. अक्षरं खोल कोरा, रंग भरू नका, तो उडतो. देखभालीची रक्कम पहिल्याच दिवशी बँकेत मुदत ठेवीत टाका, दर वर्षीच्या अंदाजपत्रकावर सोडलंत तर मिळणार नाही.

आणि ज्या गावांतून अजून एकही मुलगी आलेली नाही त्यांचं काय करायचं, ते त्या मुलींना आधी विचारा. नाव कोरून पुढची जागा मोकळी ठेवायची की नावच नंतर घालायचं, त्यावर दगडाचा व्यास ठरेल.