मदत हवी आहे: कॉलनीच्या रस्त्यावरून ट्रक नेणाऱ्या गोदामाच्या प्रस्तावावर हरकत कशी लिहावी? (इंदूर)

सर्व जाणकारांना नमस्कार.

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगर भागात एका जुन्या कॉलनीत राहतो. कॉलनीच्या शेवटच्या टोकाला, नाल्याला लागून, एक मोठा भूखंड आहे. तीन वर्षांपूर्वी त्यावर पत्र्याची शेड उभी राहिली आणि टाइल्स व सिमेंटचे गोदाम सुरू झाले. आता त्या जमिनीचा निवासी भू-उपयोग बदलण्याचा प्रस्ताव आला असून त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत छापून आली आहे. ‘आपत्ती-सुझाव’ (म्हणजे हरकती व सूचना) देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे आणि त्यांतले सहा दिवस उलटले आहेत. आमच्यापैकी कोणीही आजवर अशी हरकत लिहिलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

रस्त्याची स्थिती आधी सांगतो. दोन्ही बाजूंच्या कंपाउंडच्या भिंतींमधले अंतर 9 मीटर आहे. त्यात डांबर 5.5 मीटर, आणि उरलेल्या पट्ट्यात घरोघरच्या गाड्या, पायऱ्या आणि कडुनिंबाची झाडे. मालवाहू गाडीची नियमाने कमाल रुंदी 2.6 मीटर धरली, तर दोन ट्रक समोरासमोर आल्यावर डांबरावर चालणाऱ्या माणसासाठी जेमतेम वीतभर जागा उरते.

पहिला ट्रक पहाटे पावणेपाचच्या सुमारास येतो. आत वळायला जागा नसल्याने तो कोपऱ्यापासून गोदामापर्यंत उलटा नेतात. क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारत ‘आने दो, आने दो’ असे ओरडत असतो आणि रिव्हर्सचा भोंगा अखंड वाजत असतो. शेजारच्या काकू त्याच वेळेला नळाला येणारे नर्मदेचे पाणी भरायला उठतात. त्यांच्या फाटकासमोरचे चेंबरचे झाकण श्रावणात मधोमध तडकले, तेव्हा अंधारात कोणाचा पाय आत जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर तुळशीची जुनी कुंडी उपडी घालून ठेवली होती. नगर निगमाने (महापालिकेने) झाकण बदलून दिले, पण दिवाळीच्या आधी तेही खचले. सप्टेंबर 2025 मध्ये विमानतळ रस्त्यावर ट्रकने लोकांना चिरडल्यापासून तर मुलांना संध्याकाळी बाहेर सोडताना घरोघरच्या आयांच्या पोटात गोळा येतो. गुजरातमधल्या मोरबीहून टाइल्स घेऊन रात्रभर गाडी हाकत आलेल्या चालकांचा किंवा हमालांचा यात काही दोष नाही, हे मी मनापासून लिहितो. त्यांना जिथे पाठवले जाते तिथे ते येतात.

आजवर आम्ही वाहतुकीची तक्रार नेली, की हे परवानगीचे प्रकरण आहे असे सांगण्यात आले. परवानगीचे विचारले, की ट्रक हा वाहतुकीचा विषय असल्याचे उत्तर मिळाले. या दोन दरवाजांमध्ये दोन वर्षे गेली. आता प्रथमच निर्णयाआधी बोलण्याची संधी आली आहे आणि ती आम्हाला वाया घालवायची नाही.

आणखी एक अडचण मोकळेपणाने मांडतो. गोदामाचे मालक गणेशोत्सवाला भरघोस वर्गणी देतात आणि अडीअडचणीला उभे राहतात, त्यामुळे चार-पाच घरे सही करायला कचरतात. त्यांचा संकोच मला समजतो. परंतु आमची हरकत माणसाला नसून जागेला आहे: उद्या जमीन दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तरी बदललेला भू-उपयोग कायम राहील.

आता प्रश्न. हरकत सर्वांनी मिळून एकच द्यावी की घरटी वेगळी? पुरावा म्हणून काय जोडावे? भूखंडाच्या मागच्या बाजूला, नाल्यापलीकडे रुंद रस्ता आहे. पुलिया (छोटा पूल) बांधली तर ट्रक तिकडून येऊ शकतात. मग प्रस्ताव नामंजूर करा एवढेच म्हणावे, की ही अटही मागावी? आणि निर्णय होईपर्यंत पहाटेच्या ट्रकचे काय करावे?

प्रतिसाद 1

नमस्कार. मी ग्वाल्हेरला असतो. नगर नियोजनाच्या कागदपत्रांशी माझा बरीच वर्षे संबंध आला, त्या आधारावर लिहीत आहे.

आपण दिलेल्या मुदतीवरून ही सूचना मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 च्या कलम 23-क खालची दिसते; तरी सूचनेवर छापलेले कलम एकदा तपासून घ्या. कोणा व्यक्तीच्या अर्जावरून विकास योजनेत (शहरातली कोणती जमीन कशासाठी, हे ठरवणाऱ्या आराखड्यात) बदल करायचा असेल, तर ते काम समाजाच्या हिताचे आहे, असे शासनाने त्यासाठी नेमलेल्या समितीच्या सल्ल्याने ठरावे लागते. आपल्या हरकतीचा कणा हाच असू द्या. ‘आम्हाला त्रास होतो’ असे लिहिण्यापेक्षा, एका गोदामाच्या सोयीसाठी 9 मीटरच्या निवासी रस्त्यावर जड वाहतूक आणण्यात समाजाचे कोणते हित आहे, असे विचारा. ज्यांना आपले म्हणणे मांडायचे आहे त्यांना सुनावणीची वाजवी संधी देण्याची तरतूद याच कलमात आहे. म्हणून ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात स्पष्ट असावे.

सामूहिक अर्ज द्याच, पण रस्त्यालगतच्या घरांनी आपापला वेगळा अर्जही द्यावा आणि प्रत्येकावर आवक क्रमांक घ्यावा. माहितीच्या अधिकारात कागद मागायला बसू नका, कारण उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे आणि तोवर ही संधी निघून जाईल. बदलाचा मसुदा कुठे पाहता येईल ते सूचनेतच छापलेले असते. तिथे उद्याच जाऊन नकाशा पाहा आणि प्रवेशद्वार कोणत्या रस्त्यावर दाखवले आहे ते टिपून घ्या. अनेकदा सारे प्रकरण त्या एका रेघेवर उभे असते.

पुराव्यासाठी आठवडाभर वही ठेवा: तारीख, वेळ, गाडी किती अ‍ॅक्सलची (चाके जोडणाऱ्या आसांची), उलटी आली की सरळ. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला 2018 पासून एकूण 18.5 टन वजनापर्यंत मुभा आहे. अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान साधारण सोळापट होते, हा रस्ते अभियांत्रिकीतला परिचित ठोकताळा आहे. काकूंच्या झाकणाचे कारण त्यात सापडेल. ध्वनीची मर्यादा निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आपला पावणेपाचचा ट्रक रात्रीतच मोजला जातो.

सध्याच्या ट्रकसाठी वाहतूक पोलिसांकडे स्वतंत्र अर्ज करा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 प्रमाणे सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून ठरावीक प्रकारच्या वाहनांना ठरावीक रस्त्यावर मनाई करता येते. महिनाभरापर्यंतच्या बंदीला राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही, फक्त स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. आधी ती महिन्याची बंदी मागा. हे दोन्ही विषय एका अर्जात कधीही मिसळू नका. आपली दोन वर्षे बहुधा त्यातच गेली.

प्रतिसाद 2

वरील सल्ल्याशी सहमत आहे. पण पुलियाची अट मागितली, म्हणजे मंजुरी आपल्याला तत्त्वतः मान्य आहे, असा अर्थ सुनावणीत काढला जाईल, ही मला भीती वाटते. माझ्या मते अटीचा उल्लेखच नसावा.

प्रतिसाद 3 (प्रतिसाद 1 चे लेखक)

ही भीती रास्त आहे, म्हणून मांडणी जपून करावी. मुख्य मागणी नामंजुरीची असावी. त्याखाली वेगळ्या परिच्छेदात ‘मुख्य मागणी कायम ठेवून, पर्यायाने’ असे लिहून कॉलनीकडचे फाटक विटांनी कायमचे बंद करणे, प्रवेश केवळ मागच्या रस्त्याने ठेवणे आणि पुलिया पूर्ण होईपर्यंत गोदामाचा वापर न करणे, एवढे मागावे. मंजुरी मिळालीच आणि कागदावर अट नसली, तर नंतर हाती काहीच राहत नाही.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी आम्ही तिघे जाऊन नकाशा पाहून आलो. त्यावर प्रवेशद्वार आमच्याच रस्त्यावर दाखवले आहे आणि रस्त्याची रुंदी 12 मीटर लिहिली आहे. आम्ही परत येऊन टेप लावून पाच ठिकाणी मोजले. कुठेही 9 मीटरपेक्षा जास्त भरले नाही. टेपसह फोटो काढले आहेत. कचरणाऱ्या घरांपैकी दोघांनी हा आकडा ऐकल्यावर स्वतः येऊन सही केली.

हे चुकीचे मोजमाप हरकतीत पहिल्याच परिच्छेदात मांडावे, की सुनावणीसाठी राखून ठेवावे? अशा सुनावणीला प्रत्यक्ष उभे राहिलेले कोणी येथे असल्यास कृपया लिहावे. परवा सकाळी अर्ज द्यायचे ठरले आहे.