टर्मिनलात ‘म्हापसा’ किती कॉलमचा?

पर्वरीकर: टर्मिनल म्हणजे नुसत्या मजकुराची कमांड-खिडकी, तिच्यात ओळीचे सारख्या रुंदीचे घरं, म्हणजे कॉलम. काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘कोडपॉइंट (युनिकोड या जागतिक अक्षरसंचातलं क्रमांक दिलेलं एकेक सुटं चिन्ह) मोजा, तेवढे कॉलम धरा, देवनागरीवाल्यांनी कटकट करू नये.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. गोव्यातल्या गावांची यादी दहा कॉलमच्या चौकटीत छापून बघा. म्हापसा सात कोडपॉइंट, पेडणे पाच. प्रोग्राम तेवढे धरून स्पेस भरतो. टर्मिनल मात्र हलन्ताला आणि मात्रेला शून्य देतं. पहिल्यापुढची चौकटीची उभी रेघ एक कॉलम आत, दुसऱ्यापुढची दोन. अशी यादी साहेबांपुढे ठेवली तर म्हणाले, ‘मराठीत कशाला, इंग्रजीत काढ.’

सांखळीतला: मग डब्ल्यूसीविड्थ वापर, चिन्हाला किती कॉलम लागतात ते सांगणारं फंक्शन. रेघा सरळ येतील.

पर्वरीकर: रेघा येतील, अक्षराचं काय? ते एका वेळी एकच कोडपॉइंट बघतं, जोडाक्षर त्याच्या गावीही नाही. कान्यालाही अख्खा कॉलम, म्हणजे एकट्या ‘म्हा’ला तीन! युनिकोड 15.1मध्ये, 2023 साली, देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम आला. रुंदीही अशा अखंड अक्षरसमूहाचीच मोजा.

सांखळीतला: एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करून, सर्व्हरवर जा, मग बोल. पलीकडे ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, रुंदीचं माप तिच्यातलंच) जुनी, इकडे टर्मिनल नवं. दोघांची मापं वेगळी की बॅकस्पेस दाबताच कर्सर भलतीकडे. मध्यरात्री सर्व्हर झोपलेला असताना हे भोगलंय मी. चूक असली तरी दोन्हीकडे एकच असू दे.

मडगावचो: कोकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत लिहा, एक अक्षर एक कॉलम. पण गोव्याच्या 1987च्या राजभाषा कायद्यात रोमीला जागाच नाही!

पर्वरीकर: इथे काय संबंध? आणि नाकातल्या स्वरावरचा टिल्ड वेगळा टाइप केलात तर तुमचेही दोन कोडपॉइंट.

मडगावचो: संबंध आहे. माझी आई आयुष्यभर रोमीत कोकणी वाचत आली. सरकारी कागद आला की तिला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. तुम्ही कान्याच्या जागेवरून भांडता, आमची लिपीच बाहेर.

शिरोड्याची: आईंचं दुःख कळतं. पण म्हणून देवनागरीवर राग का? त्याच कायद्यात मराठीही सरकारी कामाला चालते, तरी मराठीत अर्ज दिला की खिडकीवरचा माणूस कपाळाला आठ्या घालतो. आम्ही कुणाकडे जायचं?

मडगावचो: निदान अर्ज घेतात तरी तुमचा!

सांखळीतला: भाषावाद दुसरीकडे न्या. पर्वरीकर, टर्मिनलात मोड 2027 नावाची सेटिंग आहे, तिने समूहमोजणी चालू करता येते. दोन्ही बाजूंना कळत असेल तर वापर, माझी ना नाही. पण डीफॉल्ट, म्हणजे आपोआप चालू, नको.

पर्वरीकर: म्हणजे डीफॉल्टला आम्हीच तुटकं वाचायचं? आणि समूह धरला तरी ‘म्हा’ एका कॉलमात चेंगरतो. त्याला दोन हवेत.

सांखळीतला: बरं, दोन. पण आधी सगळ्या टर्मिनलांना रुंदीचा एकच तक्ता द्या, तोवर माझ्या सर्व्हरवर जुनंच चालेल.