मदत हवी आहे: हत्तीरोगाच्या रात्रीच्या रक्तनमुन्यांबद्दल

पूर्व विदर्भात हत्तीरोगाचं काम करणाऱ्या सगळ्यांना विचारतोय. पाय सुजलेला रुग्ण कुणालाही ओळखू येतो. पण त्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिल्लं) बहुधा सापडतच नाहीत. ते सापडतात धडधाकट दिसणाऱ्या माणसात, आणि क्युलेक्स डास रोग उचलतो तो त्याच्याकडूनच. म्हणून रात्री साडेआठनंतर बोटातून २० मायक्रोलिटर रक्त घेणं टाळता येत नाही. दिवसा हे जंतू फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत जाऊन बसतात.

अडचण काचपट्ट्यांची आहे. पावसाळी दमट हवेत पट्टीवरचा रक्ताचा जाड थर रात्रभर ठेवूनही नीट वाळत नाही. मग हिमोग्लोबिन (रक्ताचा लाल रंग) काढायला पाण्यात बुडवला की सोलून निघतो, आणि जंतूही त्याच्याबरोबर जातात. गरम करून वाळवावं तर हिमोग्लोबिन थरातच पक्कं बसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. तेलकट काच, गरजेपेक्षा जाड थर ही कारणं तपासून झाली. उघड्यावर ठेवलं तर मुंग्या-झुरळं रक्त खातात, तो वेगळाच ताप. सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) बंद डब्यात कुणी वाळवलंय का? किती पट्ट्यांना किती जेल, किती तास?

दुसरं, पॉझिटिव्ह पण ठणठणीत माणूस डीईसीचा (हे जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा) १२ दिवसांचा कोर्स अर्ध्यात सोडतो. जंतू मरताना ताप, डोकेदुखी होते, त्याला वाटतं गोळीनेच आजारी पाडलं. जेवणानंतर द्या, आधी सांगून ठेवा, हे करतोच. त्यापलीकडे तुमच्याकडे काय उपयोगी पडलं?