मदत हवी आहे: क्वेस्ट २ लॅपटॉपला जोडल्यावर १०-१५ मिनिटांत लिंक तुटते, गेमही अडखळतात

धागाकर्ता

हेडसेट मेटा क्वेस्ट २, डोळ्यांवर लावायचा व्हीआर (आभासी जग दाखवणारा). 'लिंक' म्हणजे लॅपटॉपवरचे गेम केबलमधून त्यात दाखवणारी जोडणी. लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स चिप (६ जीबी), रॅम १६ जीबी, विंडोज ११. केबल वेगळी घेतलेली आहे, ३ मीटरची, एका टोकाला यूएसबी-ए आणि दुसऱ्या टोकाला सी. पाकिटावर 'यूएसबी ३.०' छापलंय.

लिंक सुरू झाली की १०-१५ मिनिटं छान चालते, मग चित्र गोठतं आणि हेडसेट आपल्या होमवर परत येतो. डोकं पटकन वळवलं की जास्तच. कधीकधी लिंक सुरूच होत नाही, काळा पडदा आणि तीन टिंबं एवढंच दिसतं. स्टीमव्हीआरमधले (लॅपटॉपवर व्हीआर गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले) गेम चालले तरी अडखळतात, हलत्या वस्तूंच्या कडा थरथरतात. त्या वेळी फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं तयार होतात तो) ३६ वर खिळलेला असतो.

लिंक ॲपमधली यूएसबी चाचणी कधी २.३ जीबीपीएस दाखवते, तर कधी ३४० एमबीपीएस. ॲप दोनदा काढून परत टाकलं, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा केला, हेडसेट फॅक्टरी रीसेट केला. फरक पडला नाही. पुढचा खर्च करण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १

तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळे दोष आहेत, म्हणून रीसेटने काहीच हाललं नाही. आधी केबलचं बघू.

चाचणीतला ३४० चा आकडा म्हणजे जोडणी यूएसबी २ वर घसरली आहे. यूएसबी ३ साठी केबलमध्ये वेगळ्या तारांच्या जोड्या असतात. त्यातल्या एकीचा संपर्क सुटला की जोडणी तुटत नाही, गुपचूप जुन्या तारांवर उतरते. म्हणूनच कधी असा, कधी तसा आकडा. गेम चालू असताना ही घसरण झाली की चित्र गोठतं.

आता दोष शोधायची पद्धत. चाचणी घ्या, मग हेडसेटमधला सी-प्लग काढून उलटा फिरवून लावा आणि परत घ्या. प्रत्येक बाजूने पाच वेळा. एकाच बाजूने आकडा पडत असेल तर बहुतेक हेडसेटच्या सॉकेटमध्ये धूळ आहे किंवा तिथला संपर्क झिजलाय. हेडसेट पूर्ण बंद करून हवेचा झोत मारणाऱ्या रबरी फुग्याने धूळ उडवा, फार तर लाकडी टूथपिक वापरा. टाचणी, पिन अजिबात नको. दोन्ही बाजूंनी आकडा ठीक येतो पण प्लग हलक्या हाताने वरखाली केला की पडतो, असं असेल तर दोष केबलच्या टोकाला आहे.

साध्या तांब्याच्या केबलवर ५ जीबीपीएसचा वेग २-३ मीटरपर्यंतच भरवशाने टिकतो. तुमची केबल त्या सीमेवरच आहे. याहून लांब हवी असेल तर आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली किंवा ऑप्टिकल केबल घ्यावी लागते. मध्ये हब किंवा एक्स्टेंशन लावू नका. हेडसेटबरोबर आलेली केबल चार्जिंगसाठी आहे, ती यूएसबी २ चीच. आणि केबल चांगली असो वा नसो, हेडसेटच्या बाजूच्या पट्ट्याला वेल्क्रोने बांधा, प्लगजवळ थोडा सैल वेढा सोडा. डोकं वळवताना ओढ प्लगवर येते, ती पट्ट्यावर यायला हवी.

त्याबरोबर विंडोजची वीजबचतही बंद करा. पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड 'डिसेबल्ड'. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'संगणकाला हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा.

प्रतिसाद २

तीन टिंबांबद्दल. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलं एक आणि आरटीएक्स दुसरं, अशी दोन ग्राफिक्स असतात. लिंक चालवणारा ओव्हीआर सर्व्हर हा प्रोग्राम चुकून पहिल्यावर चढला की हेच दिसतं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'जीपीयू इंजिन' हा रकाना चालू केला की कोण कुठे चाललंय ते कळतं. उपाय: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथे प्रोग्राम फाइल्समधल्या ऑक्युलस, सपोर्ट, ऑक्युलस-रनटाइम या फोल्डरमधली ओव्हीआर सर्व्हरची एक्सई फाइल जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. स्टीमव्हीआरच्या व्हीआरसर्व्हर आणि व्हीआरकंपॉझिटर या दोन फाइल्सनाही तेच. मग विंडोजच्या सर्व्हिसेस यादीतून ऑक्युलस व्हीआर रनटाइम सर्व्हिस रीस्टार्ट करा. पुढेही टिंबं दिसली तर लॅपटॉप बंद-चालू करण्याआधी ही सर्व्हिसच रीस्टार्ट करून बघा.

३६ चा आकडा तर मोलाचा आहे. तुमचा हेडसेट ७२ हर्ट्झवर आहे (सेकंदाला ७२ फ्रेम), म्हणजे प्रत्येक फ्रेम १३.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. ती वेळ पाळता आली नाही की लिंकमधली असिंक्रोनस स्पेसवार्प ही सोय गेमला अर्ध्या वेगावर आणते आणि मधली फ्रेम अंदाजाने बनवते. कडा थरथरतात त्या या अंदाजामुळे. केबल बदलून हे जाणार नाही, ग्राफिक्सचं ओझं कमी करावं लागेल.

लिंक ॲपमध्ये रेंडर रिझोल्यूशन (चित्र किती बारकाईने बनवायचं ते) १.० आणि स्टीमव्हीआरमध्ये कस्टम १०० टक्के ठेवा. दोन्हीकडे वाढवलं तर गुणाकार होतो. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सची स्वतःची मेमरी बघा. ६ जीबी भरून 'शेअर्ड' (रॅममधून उसनी घेतलेली) वाढायला लागली तर गेममधले टेक्स्चर (वस्तूंवरच्या पृष्ठभागाची चित्रं) एक पायरी खाली आणा. लॅपटॉप कायम चार्जरवर हवा, बॅटरीवर ग्राफिक्सची ताकद कापली जाते.

ओपनएक्सआर (गेम आणि हेडसेट यांना जोडणारं सामाईक मानक) वापरणारा गेम असेल तर लिंक ॲपच्या जनरल सेटिंग्जमध्ये मेटाचाच रनटाइम (ही जोडणी चालवणारं सॉफ्टवेअर) 'ॲक्टिव्ह' करा. नाहीतर गेम आधी स्टीमव्हीआरमधून आणि मग लिंकमधून जातो. वरचा हा थर विनाकारण वेळ खातो.

प्रतिसाद ३

वरच्याला जोड: लिंकबरोबर येणाऱ्या डीबग टूलमध्ये एन्कोड बिटरेट (चित्रासाठी सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते) ५०० करा, चित्र सुंदर दिसतं.

प्रतिसाद २

या धाग्यासाठी कृपया नको. लिंकमध्ये चित्र दाबून डेटा म्हणून जातं आणि हेडसेटमधली चिप ते उलगडते. जास्त बिटरेट म्हणजे उलगडायलाही जास्त वेळ. आधी ० ठेवा, म्हणजे ॲप स्वतः ठरवेल. सगळं स्थिर झालं की २०० पासून ५०-५० ने वाढवा, अडखळलं की एक पायरी मागे.

धागाकर्ता

चाचण्या घेतल्या. दोन्ही बाजूंनी २.३ येतो, प्लग खाली दाबला की लगेच ३४०. म्हणजे केबल. ती सध्या पट्ट्याला बांधली आहे, ४० मिनिटं तुटली नाही. ओव्हीआर सर्व्हर दुसऱ्याच ग्राफिक्सवर होता, तो हलवला. टेक्स्चर 'हाय'वरून 'मीडियम' केल्यावर ७२ टिकतात.

दोन गोष्टी उरल्या. संध्याकाळी दिवे लावले की हातातले कंट्रोलर थरथरतात, दिवसा नाही. आणि केबल लावूनही बॅटरी तासाभरात बरीच उतरते.

प्रतिसाद ४

कंट्रोलरचं कारण दिव्यांत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्यांना कळतं. कंट्रोलर कुठे आहेत ते हेडसेटचे कॅमेरे बघतात. हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंग फ्रीक्वेन्सी 'ऑटो'वर असते, ती ५० हर्ट्झ करा. खोलीत दिव्यांच्या माळा असतील तर बंद ठेवा. कंट्रोलरच्या कड्यातले इन्फ्रारेड ठिपके कॅमेरे शोधत असतात, माळेतल्या ठिपक्यांशी त्यांची गल्लत होते. समोरचा मोठा आरसा झाकावा. दिवसा पडदे उघडे ठेवत असाल तर भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका. भिंगामुळे ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो.

प्रतिसाद १

बॅटरी उतरणं हा दोष नाही. यूएसबी-ए च्या ३.० पोर्टमधून ५ व्होल्टला ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॉट मिळतात आणि हेडसेट त्याहून जास्त खातो. लॅपटॉपला ३ अँपिअर देणारा सी-पोर्ट असेल तर १५ वॉटपर्यंत मिळू शकतात, मग नवी केबल दोन्ही टोकांना सी असलेली घ्या. तसा पोर्ट नसेल तर मध्येच चार्जर लावायला वेगळं सॉकेट असलेली केबल मिळते. ती आल्यावर आधी चार्जर लावून आणि मग न लावता, अशी दोनदा यूएसबी चाचणी घ्या. चार्जर लावल्यावर आकडा यूएसबी २ वर घसरला तर तीच केबल परत करा.