दहा वर्षांतली किती वर्षं सोडाल? यावर म्हणे पीएचडी!

घोडबंदरचा त्रस्त
काल एका संशोधक ताईंची पोस्ट वाचली. आजारपणामुळे जगण्याचा दर्जा किती घसरतो, याचं मोल सर्वेक्षणातून कसं काढायचं, त्या पद्धतींवर त्यांची पीएचडी. ठाण्यात मुलाखती घेतायत आणि तक्रार काय, तर "सुशिक्षित लोकसुद्धा दार लावून घेतात". लावतील नाहीतर काय! असल्याच एका मुलाखतीला माझी आई बसली होती. समजा तुम्ही अंथरुणाला खिळलात, वेदना प्रचंड. असं दहा वर्षं जगाल, की ठणठणीत पण सातच? बरं, पाच? चार? आई म्हणाली, "शुभ बोल गं बाई, बोलाफुलाला गाठ पडायची. दत्तगुरू नेतील तेव्हा जाईन, एक दिवस सोडणार नाही." मुलीने टॅबवर टकटक केलं. नोंद काय झाली? १. म्हणजे माझ्या आईला खिळून पडणं आणि ठणठणीत असणं सारखंच! आणि यावर देशाने औषधं ठरवायची.

आकडेबहाद्दर
याला टाइम ट्रेड-ऑफ म्हणतात. १९७२ साली कॅनडातल्या मॅकमास्टरच्या टॉरन्स मंडळींनी मांडलं, कालची टूम नाही. खिळून दहा म्हणजे ठणठणीत चार, असं म्हणालात की त्या अवस्थेला ०.४. ० म्हणजे मरण, १ म्हणजे ठणठणीत. त्यातून क्वाली निघते, म्हणजे ठणठणीत तब्येतीच्या एका वर्षाचं माप. इंग्लंडची नाइस, म्हणजे कुठल्या औषधावर सरकारी पैसा घालायचा ते ठरवणारी संस्था, वर्षानुवर्षं एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड हा पट्टा धरून औषधांचा निवाडा करत असे. आपल्याकडे २०१७ पासून असंच काम करणारी सरकारी एचटीएआयएन आहे, पण भारतीयांची स्वतःची उत्तरं छापून आली २०२२ मध्ये, साडेतीन हजारांवर मुलाखतींतून. तोवर परक्यांची उसनी. त्यात चालणं, वेदना वगैरे पाचही बाबतींत वाईटात वाईट अवस्थेला आपल्या लोकांनी दिलाय उणे ०.९२३, मरणाहून वाईट! सगळेच दत्तगुरूंवर सोडत नाहीत. आणि "एक दिवस सोडणार नाही" म्हणणाऱ्यांचं काय करायचं, हाच तर या विषयातला जुना पेच. म्हणजे तुम्ही ताईंचीच वकिली केलीत. आभार.

तिसरा मजला, लिफ्ट नाही (नौपाडा)
आम्हीपण या मंडळींची तब्येतीची प्रश्नावली भरली. पाच प्रश्न, प्रत्येकी पाच पर्याय. सासूबाईंना धरून खाली उतरवलं की तलावपाळीची फेरी आरामात मारतात. पण जिना जमत नाही, म्हणून महिना महिना घरात. मग चालण्याच्या प्रश्नात "थोडा त्रास" लिहू की "चालताच येत नाही"? गुडघा तोच आहे हो! उद्या लिफ्ट आली की बाई बऱ्या. पण येणार कशी? दोन सभासद पुनर्विकासाला सही देत नाहीत.

सही न करणारा
त्या दोघांना नावं ठेवण्याआधी करारनामा वाचलात का? माझ्या मावसभावाच्या बिल्डरने इमारत पाडली, वर्षभर भाडं दिलं, मग फोन बंद. प्लॉटवर पावसाचं डबकं आणि भाऊ कळव्यात स्वतःच्या खिशातून भाडं भरतोय.

तिसरा मजला
म्हणून म्हातारीने घरात कुजायचं? बाहेरून लिफ्ट लावू म्हटलं तर तळमजलेवाले म्हणतात, आम्ही वर्गणी का द्यायची?

सही न करणारा
बाहेरून म्हणजे कोणाच्या तरी खिडकीवरच ना! तुम्ही आमच्याच सोसायटीतल्या का?

तिसरा मजला
असते तर इथे टंकत बसले नसते, दारात येऊन बोलले असते.

पुनर्विकासग्रस्त
+१. आधी बँक गॅरंटी बघा. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक म्हणजे नुसता कागद.

आकडेबहाद्दर
धागा आरोग्याचा आहे, लोकहो!!

मंगळ-गुरू-शनी डायलिसिस
मग आरोग्याचंच बोलू. त्या साडेतीन हजारांत आजारी किती होते? सामान्य जनतेला "समजा" म्हणून विचारतात. मी चार तास मशीनवर असते, हातात दोन सुया. येताना गोखले रोडवर अर्धा वडापाव खाते (डॉक्टरांना सांगू नका). धडधाकट माणूस माझ्यासारखं जगणं टाळायला आयुष्यातली पाच वर्षं सहज सोडून देईल. मी सहा महिने देणार नाही. नवरा तोंडावर म्हणाला होता, "मी असा जगलोच नसतो." तो मशीनवर नाही.

आकडेबहाद्दर
हं. रुग्ण स्वतःच्या अवस्थेला बाहेरच्यांपेक्षा बहुधा जास्त गुण देतात, हे संशोधनातही दिसतं. एवढं तुमचं खरं. पण पैसा सगळ्यांचा, म्हणून मतही सगळ्यांचं.

मंगळ-गुरू-शनी डायलिसिस
मत सगळ्यांचं, सुया माझ्या. छान.

आकडेबहाद्दर
चिडू नका, तोटा तुमचाच आहे. तुमचे गुण धरले तर हिशेब म्हणेल, बाई आधीच मजेत आहेत, नव्या उपचाराने वाढणार किती? पैसे दुसऱ्या आजाराला जातील.

मंगळ-गुरू-शनी डायलिसिस
मजेत आहे असं कुठे म्हणाले मी? जगायचंय म्हणाले. तुमच्या पट्टीवर या दोन्हींना एकच आकडा पडत असेल तर दोष पट्टीचा.

घोडबंदरचा त्रस्त
बाईंना +१००. आणि करा बापडे पीएचडी, पण फॉर्मात "असलं विचारू नका" असाही एक पर्याय ठेवा. आईच्या नावावर फुकटचा १ नको.

सही न करणारा
@तिसरा मजला, सोसायटीचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा. मला खात्री करून घ्यायचीय.