नवीन माणसं दोन शनिवारांत गळतात, जुनी रडीचा डाव खेळतात. काय करायचं?

अडीचघर:
लिचेसवर, म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर, आमची छोटी टीम आहे. दर शनिवारी साडेनऊला अरीना, म्हणजे एकामागून एक डावांची स्पर्धा, पाच-पाच मिनिटांचे डाव. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, त्या आठवड्यात एकदम अकरा नवीन जण आले. गणपतीपर्यंत दोन उरले.

खातं उघडलं की रेटिंग (ताकदीचा आकडा) १५००, पुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे अजून कच्चं. सुरुवातीच्या जोड्या रेटिंग बघूनच लागतात, त्यामुळे नुकता घोडा चालवायला शिकलेला माणूस थेट मुरलेल्याच्या तावडीत. परवा एका काकूंना चौथ्या चालीत मात बसली. वर समोरच्याने बर्सर्क करून स्वतःचं घड्याळ निम्मं केलेलं! (त्याबद्दलचा जादा गुण नाही मिळाला त्याला, किमान सात चाली व्हाव्या लागतात. तेवढंच समाधान.) काकूंनी चॅटमध्ये "बरं" लिहिलं आणि गेल्या.

दुसरा ताप: वजीर गेला की काही जण चालच करत नाहीत. सरळ निघून गेले तर थोड्या वेळाने मला विजय मागता येतो. पण हे टॅब उघडा ठेवून बसतात, आणि मी साडेतीन मिनिटं त्यांचं घड्याळ बघत. तेवढ्यात एक डाव झाला असता. काढून टाकू का टीममधून?

प्यादंपुढे:
नव्यांना आल्या आल्या अरीनात ढकलू नका हो. लपंडावात लिंबूटिंबू असायचा ना, तसं. आधी अर्धा तास बिनरेटिंगचे डाव लावा. तिथे चाल मागे घेता येते, अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून समोरच्याला १५ सेकंद देता येतात. भाच्याशी मी वजीर काढून खेळायचो. तीनदा हरवलंन मला, चौथ्यांदा म्हणाला, "मामा, वजीर ठेव आता."

शहकाटशह:
मुलांचं ठीक आहे. मोठ्या माणसाला लिंबूटिंबू केलंत तर तो त्याच दिवशी जाईल. माझे साडू असेच गेले. हरण्याचं काही वाटत नाही, हरल्यावर कोणी बोलत नाही त्याचं वाटतं. डाव संपला की एक चूक दाखवा. एकच. इंजिनने (चाली तपासणाऱ्या प्रोग्रामने) काढलेल्या नऊ नकोत.

रात्रपाळी:
मी डोटावाला, पाच-पाच जणांच्या संघांचा ऑनलाइन गेम. तिकडे पाच मिनिटं बाहेर राहिलात की अॅबंडन, म्हणजे पळाल्याचा शिक्का, मग लो प्रायॉरिटीत (शिक्षेच्या रांगेत) ठरलेले डाव जिंकेपर्यंत सुटका नाही. एक पळाला की चौघं लटकतात, म्हणून तेवढा जाच हवाच. तुमच्याकडे एकाचीच तीन मिनिटं जातात. काढण्याआधी खाजगीत विचारा. आमच्यातला एक "पळपुट्या" दर शनिवारी बसमध्ये असायचा, घाटात रेंज नाही.

अडीचघर:
विचारलं. दोघांपैकी एक म्हणाला, "हरलेला पट बघवत नाही, पण हार मानायला हात होत नाही." त्याला ठेवलाय. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, तो गेला.

काकूंनाही लिहिलं, वजीर काढून खेळू का म्हणून. उत्तर आलं: "वजीर राहू दे. तो चार चालींचा प्रकार कसा अडवायचा तेवढं सांगा."

मग सांगितलं. पांढरा वजीर एच५ या घरावर आणि उंट सी४ वर आला की दोघांचा डोळा एफ७ च्या प्याद्यावर असतो, आणि त्याला राखायला एकटा राजा. तिथे घोडा एफ६ वर काढायचा नाही, आधी प्यादं जी६ वर. वजिराला उठावंच लागतं. आज नऊला बसतोय, काळी मोहरी त्यांच्याकडे.